चिमाजीची लालपत्ती

एका गावात एक भोळा गडी होता. भोळे गडी प्रत्येक गावात असतात, पण या गावात तो एकच होता, त्यामुळे सगळ्या गावाला तो पुरवून पुरवून वापरावा लागे. नाव चिमाजी. अंगानं धट्टाकट्टा, कामाला वाघ आणि मनानं लोणी. फक्त त्याला काही सांगायचं झालं, तर सांगणाऱ्याला आधी दहादा विचार करावा लागे. कारण चिमाजी सांगितलेलं ऐकायचा. नुसता ऐकायचा नाही, तर विसरू नये म्हणून खांद्यावरच्या पंचाला गाठ मारून ठेवायचा, आणि वेळ आली की तसंच्या तसं करायचा. वेळ आली की नाही, हे मात्र तो स्वतःच ठरवायचा. सगळा घोटाळा तिथं व्हायचा.

त्याची बायको सगुणा. नवऱ्याच्या वाटणीची अक्कलही देवानं तिच्याचकडे ठेवायला दिली होती, त्यामुळे संसार झकास चालला होता. मग सगुणेला सातवा महिना लागला आणि तिचे वडील रंगराव तिला बाळंतपणासाठी माहेरी न्यायला आले. येताना त्यांनी आपल्या अंगणातल्या लालपत्तीची एक फांदी आणली.

लालपत्ती हे शोभेचं झुडूप. पावसाळाभर ते चारचौघांसारखं हिरवं असतं. थंडी पडली की त्याची शेंड्याकडची पानं लालभडक होतात, आणि लांबून बघणाऱ्याला ती फुलंच वाटतात. उन्हाळ्याच्या तोंडाला सगळी पानं झडतात, नुसत्या काड्या उरतात, आणि पुढं पुन्हा नवी पालवी फुटते. सगुणेचा त्या झुडपावर लहानपणापासून जीव. तिनं ती फांदी अंगणात लावली आणि नवऱ्याला म्हणाली, "मार्गशीर्षात ही लाल हुईल, तवा मी बाळाला घिऊन येते. तवर हिला जपा. आधी मुळं धरतीया का बघा."

चिमाजीनं पंचाला गाठ मारली. लालपत्ती लाल झाली की सगुणा येते, एवढं त्याला पक्कं कळलं. म्हणजे लाल झाली नाही, तर सगुणा येणार नाही. तिची गाडी वळणावर दिसेनाशी झाली, तेव्हाच त्याला घर खायला उठलं होतं. घरात उरली ती त्याची म्हातारी बनाआत्या. ती खायला उठत नसे, पण बोलायला उठे.

दुसऱ्या दिवसापासून चिमाजी सकाळी उठला की फांदी उपटायचा, खालून निरखायचा आणि परत खोचायचा. संध्याकाळी पुन्हा तेच. चौथ्या दिवशी शेजारच्या तात्या माळ्यानं कुंपणावरून हे पाहिलं. तात्याचा जन्म झाडापेडात गेलेला. तो तिथूनच ओरडला.

"आरं आरं, काय करतुयास?"

"मुळं धरली का बघतुय, तात्या."

"मग? धरली?"

"कुठली धरत्यात! परवा न्हवती, काल न्हवती, आजबी न्हाईत. लई आळशी फांदी हाय."

तात्यानं कपाळाला हात लावला. "चिमाजी, नीट ऐक. वस्तू एकदा मातीत गेली की तिला हात लावायचा न्हाई. आठ दिस जागची हलवायची न्हाई. रोज वरनं तांब्याभर पाणी घालायचं आन् गप बसायचं. कळलं?"

"कळलं," चिमाजी म्हणाला. त्यानं पंचाला गाठ मारली. आता चुकायचं नाही.

त्याच आठवड्यात शाळेचे हेडमास्तर सकाळी शाळेला निघाले होते. पांढरंशुभ्र धोतर, काखेत छत्री. गल्लीत काळ्या मातीचा राडा झालेला. पाय घसरला आणि हेडमास्तर कमरेपर्यंत चिखलात बसले. अंगानं माणूस भारदस्त, एकट्याला उठता येईना. तेवढ्यात समोरून चिमाजी आला.

"चिमाजी, हात दे रे जरा."

चिमाजीनं दोन्ही हात पाठीमागं नेले. "न्हाई गुरुजी. तुमी मातीत गेलायसा."

"ते मला दिसतंय! मला ओढून काढ!"

"आठ दिस हलवायचं न्हाई, गुरुजी. मुळं तुटतील."

एवढं बोलून तो घरी पळाला, तांब्याभर पाणी घेऊन आला आणि हेडमास्तरांच्या टाळूवर सावकाश, धार न तुटू देता ओतलं. "आता गप बसा," तो मायेनं म्हणाला. "उद्याच्याला परत घालतो."

शेवटी शाळेतली पोरं आली आणि त्यांनी एकमेकांच्या कमरेला धरून, जोर लावून गुरुजींना बाहेर काढलं. त्या दिवशी पाढे झाले नाहीत. हेडमास्तर तसेच निथळत चिमाजीच्या दारात आले आणि त्यांनी आत्यासमोर त्याला शिकवण दिली. "गाढवा, कुणी असं चिखलात पडलेलं दिसलं तर काय करावं? हाताला धरून उभं करावं. चिखल धुवावा. अंग कोरडं पुसावं. घोंगडी पांघरून चुलीपुढं बसवावं आणि गरम चहा पाजावा. याला माणुसकी म्हणतात!"

चिमाजीला वाईट वाटलं. खरंच, चहा द्यायला हवा होता. त्यानं पंचाला गाठ मारली. आता चुकायचं नाही.

महिना गेला. फांदीनं मुळं धरली, चार हिरवी पानं फुटली. चिमाजी रोज तिच्यासमोर बसून ती लाल होतात का ते बघायचा. होत नव्हती. मग एका दुपारी वावटळ आली, मागून पाऊस आला, आणि रोप चिखलात आडवं झालं.

संध्याकाळी आत्या देवळातून आली तर चुलीपुढं घोंगडीत कोणी तरी बसलेलं. आत्यानं घाईघाईनं डोक्यावरचा पदर सावरला आणि चिमाजीला हळूच विचारलं, "पाव्हणा कोण आलाय रं?"

"पाव्हणा न्हवं, लालपत्ती हाय. चिखलात पडली हुती. उभी केली, मुळं घासून धुतली, पंचानं पुसली. आता चहा पाजतुय." बशीत चहा ओतून तो फुंकर मारत होता. "पीत न्हाई गं आत्या. साखर कमी पडली का काय?"

आत्यानं अशी बोंब ठोकली की तात्या माळी कुंपणावरून उडी मारून आला. वयाच्या सत्तराव्या वर्षी त्यानं मारलेली ती पहिली उडी. त्यानं रोप घोंगडीतून सोडवलं, अंगणात नेऊन लावलं आणि मातीवर हात फिरवत म्हणाला, "जात चिवट हाय म्हणून वाचंल. आता ऐक. वाकलेलं दिसलं की उपटायचं न्हाई. त्याच्या बाजूला काठी रोवायची. सुतळीनं बांधायचं, पर सैल, वाढायला जागा ठिवायची. आन् चार दिस डोक्यावर पाटी पालथी घालायची, ऊन लागू नये म्हणून."

चिमाजीनं पंचाला गाठ मारली. आता चुकायचं नाही.

रोप सावरलं. पण पुढच्या आठवड्यात अंगण झाडताना बनाआत्याला उसण भरली. वाकली ती वाकलेलीच राहिली. वर होता येईना, खाली बसता येईना.

"चिमाजी!" ती कळवळली. "आरं, मी वाकल्ये ती सरळच हुईना. काय तरी कर!"

"घाबरू नगंस आत्या," चिमाजी म्हणाला. "आता मला ठावं हाय." त्यानं एक जाडजूड काठी आणली, आत्याच्या शेजारी दगडानं ठोकून रोवली, आत्याला सुतळीनं काठीला बांधली आणि डोक्यावर शेणाची पाटी पालथी घातली. पाटी धुतलेली होती, एवढं मात्र त्याच्या बाजूनं सांगितलं पाहिजे.

"आरं मेल्या, हे काय?" पाटीतून आवाज आला.

"सैल बांधलंय, आत्या. वाढायला जागा ठिवलीया." आणि तो निश्चिंत मनानं शेतावर गेला.

गल्लीतल्या बायकांनी घटकाभरानं आत्याला सोडवलं. या खेपेला कुणी चिमाजीला शहाणपण शिकवलं नाही. आत्यानं नुसती काठी उपटली आणि ती घेऊन शेताच्या वाटेला लागली. चिमाजीला तिनं ओढ्यापर्यंत पळवला. मात्र परत आल्यावर तिच्या लक्षात आलं की उसण गेली आहे. त्यामुळे त्या दिवशी त्याला जेवायला मिळालं.

श्रावणात लालपत्ती गुडघाभर झाली, पण सरळसोट, एकाच काठीसारखी. तात्यानं नखानं तिचा शेंडा खुडला. खुडल्या जागी पांढरा चीक आला. "हे बघ," तात्या म्हणाला, "विरळ वाटलं की शेंडा खुडायचा. एकाच्या जागी चार फुटतात, झाड दाट हुतं. फकस्त खुडताना डोळं मिटायचं. चीक डोळ्यात गेला तर आग हुती."

चिमाजीनं पंचाला गाठ मारली.

भाद्रपदात रंगराव जिलेबीचा पुडा घेऊन आले. सगुणेला मुलगी झाली होती. चिमाजीला एवढा आनंद झाला की तो आधी हसला, मग रडला, मग लालपत्तीला जाऊन सांगून आला. दुपारची जेवणं झाली. रंगराव ओट्यावर लवंडले आणि मिशीवरून हात फिरवत म्हणाले, "जावईबापू, एके काळी ह्या मिशीवर लिंबू ठरायचं. आता वय झालं. लई विरळ झाली बघा." आणि घोरायला लागले.

सासऱ्याचं दुःख चिमाजीला बघवेना. इतका मोठा माणूस, आणि एवढ्या सोप्या गोष्टीसाठी कष्टी! तो आत गेला, आत्याची कात्री घेऊन आला. मिशीचा शेंडा चिमटीत धरला. मग आठवण ठेवून डोळे घट्ट मिटले. आणि कात्री चालवली.

रंगराव जागे झाले तेव्हा डाव्या बाजूला मिशी नव्हती.

"एकाच्या जागी चार फुटतील, मामा," चिमाजी डोळे मिटूनच म्हणाला. "चीक आला का?"

त्या दिवशी रंगरावांचा आवाज तीन गल्ल्यांत ऐकू गेला. ज्यांनी ती मिशी उभ्या तालुक्यात मिरवली, ते उपरण्यानं अर्धं तोंड झाकून एसटीत चढले. पण चढण्याआधी पायरीवर उभं राहून म्हणाले, "जावईबापू, माझी लेक आन् तान्ही नात तुमच्या भरवशावर धाडू व्हय? ते एक झुडूप नीट सांभाळून दाखवा. लाल झालेली लालपत्ती ह्या डोळ्यांनी बघीन, तवाच लेकीला हितं ठिवीन. न्हाई तर तशीच माघारी नेईन!"

चिमाजी धावतच घरी येऊन लालपत्तीपुढं बसला. आता नुसती सगुणा नव्हती, लेकही होती, आणि तिचं त्यानं अजून तोंडसुद्धा बघितलं नव्हतं. तो रात्रंदिवस लालपत्तीला जपू लागला. शेळी जवळ आली तर शेळीला हाकलायचा, पाखरू बसलं तर पाखराला हात जोडायचा. आश्विन गेला, कार्तिक आला. झुडूप दाट झालं, डेरेदार झालं, पण हिरवंच राहिलं. चिमाजी जेवेनासा झाला.

तात्यानं येऊन पाहिलं आणि दारासमोरच्या खांबावरच्या दिव्याकडे बोट केलं. "ह्या दिव्याचा उजेड रातभर हिच्यावर पडतुय. हिला अंधार लागतो. सांज झाली की मोठी टोपली पालथी घाल, सकाळी काढ. पुरता अंधार मिळाला की आपसूक लाल हुईल."

चिमाजीनं पंचाला गाठ मारली आणि टोपली घालायला सुरुवात केली. दोनच दिवस झाले असतील, परसात आत्या आपल्या मिरचीच्या रोपांपुढं उभी राहून पुटपुटली, "बाई, ह्या मिरच्या लाल कवा व्हायच्या?"

हे चिमाजीनं ऐकलं. आत्यावर त्याचा जीव होता. त्यानं सगळ्या हिरव्या मिरच्या तोडल्या, रांजणात भरल्या, वर झाकण ठेवलं आणि झाकणावर पाटा ठेवला. पुरता अंधार. आठ दिवसांनी घरात वास सुटला. पंधरा दिवसांनी गल्लीत सुटला. आत्यानं रांजण उघडला आणि नाकाला पदर लावून भिंतीला टेकली.

"आरं माझ्या कर्मा! मिरचीला अंधार न्हाई, ऊन लागतं ऊन!" तिनं एकेक शब्द त्याच्या कानात ठोकून बसवला. "झाडावर पुरती लाल हुईस्तवर थांबायचं. हिरवी जागा दिसंना झाली की लगोलग तोडायची. मागं एक ठिवायची न्हाई. चटईवर उन्हात पसरायची. आन् दुपारी उलटी करायची, म्हंजी दोन्ही अंगानं सारखी वाळती. लाल झालं की ऊन! ध्यानात ठिव!"

चिमाजीनं पंचाला गाठ मारली. आता मात्र अगदी चुकायचं नाही.

आणि मार्गशीर्षात नवल झालं. लालपत्ती लाल झाली. आधी एका शेंड्याला, मग दुसऱ्याला, मग सगळ्यांना. जाणारा-येणारा थांबून बघू लागला. हेडमास्तर पोरांची रांग घेऊन आले, पण स्वतः चिमाजीपासून चार हात लांब उभे राहिले. तात्या माळी म्हणाला, "साठ वर्सं झाडं लावली, अशी लालपत्ती न्हाई बघितली." आत्यानं चिमाजीची दृष्ट काढली. चिमाजी एसटीच्या कंडक्टरला गाठून म्हणाला, "मामांना सांगा, लाल झाली. सगुणेला घिऊन या." रंगरावांचा उलटा निरोप आला, रविवारी येतो.

रविवारी सकाळी चिमाजीनं अंगण सारवलं, नवा सदरा घातला आणि लालपत्तीपुढं उभा राहिला. कालपर्यंत दोन-तीन पानांच्या कडा हिरवट होत्या. आज त्याही लाल. सगळ्या शेंड्यांत कुठं हिरवी जागा दिसेना. चिमाजीचा हात पंचाकडे गेला. पंचाला आता गाठीच गाठी झाल्या होत्या, पण शेवटची गाठ ताजी होती.

दहाची एसटी आली. रंगराव पुढं, मागं सगुणा, तिच्या हातात दुपट्यात गुंडाळलेली लेक. रंगरावांच्या मिशीच्या दोन बाजू अजून सारख्या झाल्या नव्हत्या. त्यांनी सगुणेला फाटकातच थांबवलं. "आत पाय टाकू नगंस. आधी मी बघतो."

अंगणात लालपत्तीच्या जागी काड्या होत्या. शेंड्यांवर एक पान नव्हतं.

"कुठाय?" रंगराव ओरडले. "लाल झालेली लालपत्ती कुठाय?"

"ही काय, मामा!" चिमाजीनं हौसेनं ओट्यासमोर बोट केलं. तिथं चटई अंथरली होती आणि चटईवर लालभडक पानं एकाशेजारी एक, देठ एका बाजूला करून, नीट मांडली होती. "एकबी मागं ठिवली न्हाई. सकाळपासनं दोन तास ऊन लागलंय."

आत्या ओट्यावर मटकन बसली. कुंपणापलीकडं तात्या माळी खाली वाकला आणि बराच वेळ वर आला नाही. रंगरावांचा हात मिशीच्या आखूड बाजूकडे गेला. चिमाजी मात्र त्यांच्याकडे बघतच नव्हता. तो फाटकाकडे बघत होता. सगुणेजवळच्या दुपट्यातून एक इवलासा हात बाहेर आला होता, आणि तो बघून चिमाजीचे डोळे भरून वाहत होते. "सगुणा," तो म्हणाला, "लाल झाली गं. आता राहशील न्हवं?"

सगुणेनं काड्यांकडे बघितलं, चटईकडे बघितलं, नवऱ्याकडे बघितलं. आणि तिला हसू फुटलं. इतकं हसली, इतकं हसली, की लेकीला छातीशी धरून ती आधारासाठी सरळ अंगणात आली आणि ओट्यावर आत्याशेजारी टेकली. मग डोळे पुसत म्हणाली, "आबा, तुमी काय म्हणला हुता? लाल झालेली ह्या डोळ्यांनी बघीन, तवा लेकीला हितं ठिवीन. मग बघा की. चटईभर लाल हाय. झाडावरच बघीन, असं काय तुमी म्हणला न्हवता. मी आता हितनं हलायची न्हाई. ह्यांना एकट्याला सोडून परत कुठं जायला मला पुढल्या जल्मीबी जमायचं न्हाई."

आपल्याच शब्दात आपण सापडलो हे रंगरावांच्या ध्यानात आलं, आणि त्यांचा संताप टाळूला भिडला. आधी कान लाल झाले, मग गाल, मग नाक, मग टक्कल.

चिमाजीनं डोळे पुसले आणि सासऱ्याकडे निरखून पाहिलं. पुढून पाहिलं, मागं जाऊन मानेकडून पाहिलं. कुठं दुसरा रंग उरलेला नव्हता. त्यानं दोन्ही काखांत हात घालून रंगरावांना अलगद उचललं आणि चटईवर पानांच्या शेजारी, मोकळ्या जागेत, उताणं निजवलं.

"आरं, आरं, काय करतुयास?" रंगराव किंचाळले.

"गप पडून ऱ्हावा, मामा," चिमाजी त्यांचे हातपाय नीट पसरत म्हणाला. "दुपारची जेवणं झाली की येतो आन् तुमाला पालथं घालतो, म्हंजी दोन्ही अंगानं सारखं वाळाल."